गेमने सांगितलेलंच पुन्हा सांगू नकोस

प्रिय ताई,

मी कर्वेनगरला राहतो, वय चोवीस, सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आम्ही पाच-सहा जण ‘प्लॅनेट कोस्टर’ हा पार्क बांधायचा गेम खेळतो. महिन्यातून एखाद्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो आणि आपापली पार्कं टीव्हीवर दाखवतो. माझा मामेभाऊ अकरावीत आहे, कसबा पेठेत राहतो. त्याने दिवाळीच्या सुट्टीत खपून शनिवारवाड्याचं पार्क केलं, वाड्यातून फिरणारं रोलर कोस्टर केलं आणि मला म्हणाला, “दादा, तूच नीट बघून सांग.” मी मनापासून बघितलं. एक्सेल शीट केली, प्रत्येक चुकीपुढे क्रिटिकल, मेजर, मायनर असं लिहिलं, आणि रविवारी सगळ्यांसमोर टीव्हीवर लावून ओळ न् ओळ वाचली. नंतर त्याचा वेळ वाचावा म्हणून मीच त्याचं कोस्टर दुरुस्त केलं आणि “हे घे, असं हवं होतं” म्हणून पाठवून दिलं. त्याने गेमच काढून टाकलाय. माझे फोन उचलत नाही. मामी म्हणते, तुला काय नडलं होतं? बाकीचे ‘भारी’, ‘एक नंबर’ म्हणून मोकळे होतात, त्यांच्यावर कुणी चिडत नाही. मग खरं बोलायचंच नाही का? आणि आता ग्रुपमधले म्हणतात, पुढच्या महिन्यापासून तू परीक्षक हो, गुण दे. होऊ का? शीट आणि दोन्ही कोस्टरचे व्हिडिओ सोबत पाठवतोय.

– एक टेस्टर, कर्वेनगर

—

अरे टेस्टर,

शीट वाचली. दोन्ही व्हिडिओही पाहिले, त्याचं मूळ कोस्टर दोनदा आणि तुझं ‘दुरुस्त’ एकदा. तुझं दुसऱ्यांदा का पाहवलं नाही, ते पुढे सांगते.

आधी तुझ्या बाजूचं बोलून घेऊ, कारण मामी ते बोलणार नाहीत. तुझ्या शीटमधली जवळजवळ प्रत्येक नोंद बरोबर आहे. तिसऱ्या वळणावर गाडी प्रवाशांना बाहेर फेकते, हे खरं. मागच्या बागेतली झाडं जमिनीपासून वीतभर वर तरंगतात, तेही खरं. रांग फार लांब आहे, एकच दगडाचा तुकडा भिंतभर परत परत लावलाय, बाकं कमी आहेत. सगळं कबूल. आणि ज्याने रात्री बसून इतकं बारकाईने पाहिलं, त्याला त्या पोराविषयी आस्था नाही असं कोण म्हणेल? ‘एक नंबर’ म्हणणाऱ्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत तरी पाहिला होता का, मला शंका आहे.

पण तुझ्या नोंदी कुठून आल्या ते बघ. तिसऱ्या वळणाची चूक तू शोधलीस की गेमने दाखवली? कोस्टरची चाचणी घेतली की प्लॅनेट कोस्टर तीन आकडे समोर ठेवतो: उत्साह, भीती, मळमळ. ट्रॅकवर रंग चढवून कुठे आडवा झटका बसतो तेही दाखवतो. रांग लांब असली की पाहुणे स्वतःच कुरकुरतात, तिकीट महाग वाटलं तर तेही बोलून दाखवतात. म्हणजे तुझ्या पहिल्या सहा ओळी, ‘क्रिटिकल’ म्हणून लाल रंगवलेल्या, त्या पोराला तुझ्याआधी त्याच्या कॉम्प्युटरने सांगून झालेल्या होत्या. त्याला दिसत होतं रे. त्याने तुला बोलावलं ते मशीनला जे दिसत नाही ते बघायला.

हा प्रश्न जुना आहे, तुझ्या पिढीच्या आधीचा. ख्रिस सॉयरचा ‘रोलरकोस्टर टायकून’ 1999 मध्ये आला. त्यातही उत्साह, तीव्रता आणि मळमळ असे आकडे होते. तीव्रता दहाच्या वर गेली की बहुतेक पाहुणे राइडमध्ये बसायलाच तयार नसत. त्या गेममध्ये पार्क तिरकं, वरून दिसायचं. गाडीत बसून बघायची सोयच नव्हती, तेव्हा आकड्यांवर बोलणं बरंचसं रास्त होतं. 2004 च्या तिसऱ्या भागात, जो फ्रंटियर कंपनीने केला, कॅमेरा गाडीत जाऊन बसला. त्याच कंपनीने 2016 मध्ये प्लॅनेट कोस्टर आणला आणि भिंत, खांब, कौल एकेक तुकडा जोडून बांधायची मुभा दिली. 2024 च्या दुसऱ्या भागात तर तरणतलाव आणि पाण्याच्या घसरगुंड्यासुद्धा आल्या. म्हणजे बांधणाऱ्याचं काम नुसतं ट्रॅक टाकण्यापुरतं राहिलेलं नाही, त्यात वास्तू आली, नाटक आलं. तुझं परीक्षण मात्र अजून 1999 मध्येच बसलंय.

आता तिसऱ्या वळणावर येऊ, कारण तिथेच सगळं आहे.

त्याच्या मूळ कोस्टरमध्ये गाडी डावीकडे वळते आणि उजव्या हाताला, खाली, वाड्यातलं हजारी कारंजं दिसतं. सोळा पाकळ्यांचं कमळ त्याने तुकड्या-तुकड्यांनी केलंय, वर पाण्याचे फवारे सोडलेत. वळण सपाट आहे, वेग जास्त आहे, म्हणून आडवा झटका बसतो आणि आकडा लाल होतो. तू काय केलंस? वळण आतल्या बाजूला चांगलं झुकवलंस. खरे कोस्टरवाले हेच करतात, झटका आडवा न बसता सीटमध्ये खाली दाबला जावा म्हणून. आकडा हिरवा झाला, शाबास. पण आता गाडीत बसून बघ. गाडी डावीकडे कलली की उजवी बाजू वर उचलली जाते, आणि उजवीकडे खाली असलेलं कारंजं गाडीच्या कडेआड जातं. प्रवाशाला दिसतं आभाळ. त्या पोराने सुट्टीतले कितीतरी दिवस ज्या कमळाच्या पाकळ्या बसवण्यात घालवले असतील, ते तू एक वळण झुकवून गायब केलंस. आणि शीटमध्ये त्या ओळीपुढे ‘फिक्स्ड’ लिहिलंस. म्हणून तो व्हिडिओ मला दुसऱ्यांदा पाहवला नाही.

सांगायचं होतं ते असं: “वळणावर झटका बसतो, ते झुकवावं लागेल. पण झुकवलं की उजवीकडचं कारंजं दिसेनासं होईल. ते वळणाच्या आतल्या बाजूला घेता येईल का? नाहीतर वळणाआधी वेग कमी करून बघ.” यात दोष सांगितलाय, त्याचं कारण सांगितलंय, आणि कारंजं त्याच्यासाठी महत्त्वाचं आहे हे तुला कळलंय हेही आलं. कुठला उपाय घ्यायचा ते त्याच्यावर सोडलंस. कदाचित त्याने तिसराच काढला असता.

तू दुरुस्त करून पाठवलंस ते मला यादीपेक्षा जास्त खटकलं. यादी कडू असली तरी तिच्यावर वाद घालता येतो. “नाही दादा, ते मी मुद्दाम ठेवलंय” म्हणता येतं. दुरुस्त केलेली फाइल हातात आली की बोलायला काही उरत नाही. आर्किटेक्चरच्या कॉलेजांत ज्युरी असते, मी बरीच वर्षं तिथे समोरच्या खुर्चीत बसले आहे. विद्यार्थ्याच्या ड्रॉइंगवर ज्युरीतल्या कुणी स्वतः पेन चालवलं की मुलाचा चेहरा पडतो. कितीही कडक बोललं तरी इतका पडत नाही. चुकीची जागा बोटाने दाखवावी, पेन त्याच्याच हातात राहू द्यावं.

आता शनिवारवाड्याचं. पुढे एका ओळीत तू लिहिलंस, ‘वाडा बहुमजली दाखवलाय, इतिहासाला धरून नाही. मेजर.’ कशावरून नाही? बांधकाम 1730 ला सुरू झालं, वाडा सात मजली होता असं सांगतात, आणि 1828 च्या आगीत आतलं लाकडी बांधकाम जळून गेलं. आज आत जोती आणि बागा आहेत, बाहेर तट, बुरूज आणि दरवाजे. म्हणजे वरचे मजले नेमके कसे दिसत हे कसब्यातल्या पोराला माहीत नाही, तुला नाही आणि मलाही नाही. तिथे त्याला कल्पना लढवू दे की. तिथे इतिहासाची छडी उगारण्यात अर्थ नाही.

जे आज उभं आहे तिथे मात्र जरूर बोल. तटाच्या भिंतीकडे बघ: खाली दगड, वर वीट. शाहू महाराजांच्या साताऱ्याकडून नाराजी आली, दगडी कोट फक्त छत्रपतींनी बांधावा असं ठरलं, म्हणून वरचं बांधकाम विटांचं झालं, अशी गोष्ट पुण्यात सांगितली जाते. गोष्ट खरी असो-नसो, ती दगड-विटेची सांधरेघ मात्र वाड्याच्या मुख्य दारासमोर, दिल्ली दरवाजासमोर, उभं राहिलं की डोळ्यांत भरते. त्याच्या पार्कात भिंत वरपासून खालपर्यंत एकाच दगडाची आहे. तू लिहिलंस, ‘टेक्स्चर रिपीट होतंय. मायनर.’ हे खरं असलं तरी त्यातून त्याने काय करायचं? नुसते दगडाचे तुकडे उलटसुलट लावत बसायचं? त्याऐवजी “वरचा अर्धा भाग विटांचा कर, मग लांबूनच वाडा ओळखू येईल” म्हणाला असतास तर दगड परत परत दिसण्याची तक्रारही आपोआप अर्धी झाली असती. एका वाक्यात.

आणि दिल्ली दरवाजा! त्याची गाडी दरवाजातून शिरते आणि सरळ आत जाते. खऱ्या दरवाजातून आत गेलं की वाट सरळ जात नाही. एकदा उजवीकडे वळते, मग डावीकडे, आणि मग बाग येते. शत्रूला थेट आत घुसता येऊ नये म्हणून केलेली ती युक्ती. कोस्टरसाठी यापेक्षा चांगली सुरुवात कुठे मिळणार? दरवाजाच्या काळोखात हळू वेगात उजवं वळण, डावं वळण, आणि अचानक उजेड, समोर चढ. ही सूचना गेम जन्मात देणार नाही. तुझ्या शीटमध्येही ती नाही. कसब्यात राहणारा पोरगा त्या दरवाजावरून रोज जातो, त्याला नुसतं विचारलं असतंस, “आत शिरल्यावर वाट कशी जाते रे?” तर तो टुणकन उठून कॉम्प्युटरपाशी बसला असता.

आता चौदाव्या ओळीकडे ये. ‘रांगेजवळच्या स्पीकरवरचा आवाज मध्येच तुटतो, लूप नीट नाही. मायनर.’ मी मूळ व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहिला तो केवळ या ओळीमुळे. तो आवाज म्हणजे चौघडा आहे. रांग दिल्ली दरवाजाखालून जाते आणि वर नगारखान्यातून चौघडा ऐकू येतो. गेममध्ये स्वतःची ऑडिओ फाइल टाकता येते, हे त्याने शोधून काढलं, कुठून तरी चौघडा मिळवला, स्पीकर बरोबर नगारखान्यात लपवला. उभं राहून कंटाळलेल्या माणसाला आपण वाड्याच्या दारात आहोत असं वाटावं, इतका विचार अकरावीतल्या मुलाने केलाय! सगळ्या पार्कात मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच. तुझ्या शीटमध्ये तिच्याबद्दल इतकंच आहे की ती मध्येच तुटते.

इथे ‘एक नंबर’वाल्यांचा आणि तुझा फरक फारसा उरत नाही बघ. त्यांनी चौघडा ऐकला नाही म्हणून काही बोलले नाहीत, तू ऐकलास आणि तो तुटतो एवढंच टिपलंस. कौतुक म्हणजे साखर पेरणं नव्हे. कौतुकही नोंदीइतकंच नेमकं हवं: कुठे, काय, आणि त्याने बघणाऱ्याला काय होतं. “रांगेत चौघडा ऐकू आला आणि मी मान वर करून नगारखाना शोधला” असं म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, आपली युक्ती पोचली. ‘भारी’ म्हटल्याने काय पोचलं ते कळत नाही. आणि हो, लूप तुटतो हेही सांगायचंच, पण त्याच्या मागून.

पुण्यात आपल्याला स्पष्टवक्तेपणाचं फार कौतुक. दुकानाच्या पाटीवर शोभतं ते. तुझं स्पष्ट बोलणं नडलं नाही, चारचौघांत टीव्हीवर लावून बोलणं नडलं. ऑफिसात बग लिहितोस तेव्हा तो प्रॉडक्टचा असतो, मीटिंगमध्ये उघड्यावर चर्चा होते, कुणाला काही वाटत नाही (वाटतं, पण पगार असतो). इथे पगार नाही. प्रत्येक ओळ वाचताना खोलीतले सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्यात त्याचा दादा होता.

तर पुढच्या वेळी, कुणाचंही पार्क असो, तोंड उघडण्याआधी त्याला विचार: हे चालवायला केलंस की दाखवायला? पैसा, पगार, तिकीट सगळं सांभाळून केलेलं पार्क असेल तर रांगेची लांबी आणि बाकांची संख्या महत्त्वाची. सँडबॉक्समध्ये, पैशाची चिंता सोडून, वाडा दाखवायला केलं असेल तर त्या ओळी शीटमधून सरळ उडव. तुझ्या यादीतल्या निम्म्या तिथेच गळतील.

मग गाडीत बस. पहिल्या रांगेत एकदा, शेवटच्या रांगेत एकदा. चढाच्या माथ्यावर पुढचा डबा क्षणभर लोंबकळतो आणि मागचा डबा पुढच्यांच्या वजनाने खेचला जातो, म्हणून एकाच उताराचे अनुभव दोन. “उतार मजेदार नाही” म्हणण्यात काही हशील नाही, कुठल्या रांगेत नाही ते सांग. रात्र करून बघ, दिवे कसे पडतात. पाहुण्याच्या डोळ्याच्या उंचीवरून रांगेतून चाल. वरून विमानातून बघितल्यासारखं बघून पार्क कळत नाही.

आणि सांगताना मोठं आधी. ट्रॅक बदलणार असेल तर त्याच्या कडेच्या कुंड्यांवर बोलून काय उपयोग, त्या उद्या उचलाव्याच लागतील. त्याच्या पार्काला माझ्या मते एकच मोठी सूचना होती, दिल्ली दरवाजातल्या दोन वळणांची. कारंज्याची दुसरी. दगड-विटेची तिसरी, वेळ उरला तर. बाकी शीट तुझ्यापाशी ठेव. विचारलंच तर दे.

आता समेट. “सॉरी, मला तसं म्हणायचं नव्हतं” असा लांबलचक मेसेज करू नकोस, तसं म्हणायचं होतंच तुला. एका ओळीत सांग की सगळ्यांसमोर वाचायला नको होतं आणि त्याच्या कोस्टरला हात लावायला नको होता. मग चौघड्याबद्दल सांग. त्यानंतर लगेच सूचनांवर घसरू नकोस, दरवाजाचं गुपित तर मुळीच फोडू नकोस. त्याला संध्याकाळी दिल्ली दरवाजापाशी बोलाव, आत जा, वळणं पायांनी चालू दे त्याला. काही न बोलता. त्याच्या लक्षात आलं तर आलं, नाही तर भेळ खाऊन घरी जा.

हौस असेल तर पुढे कधीतरी खोपोलीजवळच्या इमॅजिकात घेऊन जा. तिथली ‘नायट्रो’ खरीखुरी फ्लोअरलेस कोस्टर आहे, पायाखाली फळी नाही, स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्डने केलेली. एकदा पुढे बसा, एकदा मागे. परतीच्या वाटेवर त्याला बोलू दे, तू ऐक.

गेम काढला म्हणून पार्क गेलं असं समजू नका. सेव्ह केलेली पार्कं कॉम्प्युटरवर वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, गेम पुन्हा टाकला की बहुधा जशीच्या तशी सापडतात. पण हे त्याने विचारल्यावर सांग. आणि तुझी ती दुरुस्त फाइल पुसून टाक, ‘असू दे, उपयोगी पडेल’ म्हणून ठेवू नकोस.

परीक्षक व्हायचं का? गुण द्यायचे असतील तर नको. आकडे गेम देतोच, आणि पाच-सहा मित्रांत पहिला-दुसरा काढला की तिसऱ्या महिन्याला दोघे यायचे बंद होतात. त्यापेक्षा असं सुचव: ज्याचं पार्क असेल त्याने गाडी सुरू करून गप्प बसायचं, बाकीच्यांनी एकेकाने आपण कुठे थांबलो, कुठे मान वळवली, कुठे कंटाळलो एवढंच सांगायचं. उपाय कुणी सुचवायचे नाहीत, बांधणाऱ्याने विचारल्याशिवाय. पहिल्या रविवारी तुझं स्वतःचं पार्क लाव. एवढ्या शीटा केल्यास, पण तुझ्या पार्काचा एकही व्हिडिओ तू मला पाठवला नाहीस, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

– ताई